चपला सांभाळणारा

आई गेल्यापासून आमच्या घरचे देव पारोसे होते. बाबांनी देवांशी आणि आमच्याशी एकदमच बोलणं सोडलं होतं. देवांचं ठीक आहे, त्यांना सवय असते. पण मी नागपूरहून रजा काढून बालाघाटला आले होते ती बाबांसाठी, आणि ते खिडकीपाशी बसून ‘हौ’ आणि ‘नको’च्या पलीकडे जायला तयार नव्हते. डोळ्यांतून टिपूस नाही. जबलपूरला आईला ऑपरेशनसाठी आत नेताना नर्सने तिच्या चपला बाबांच्या हातात दिल्या होत्या. आई परत आली नाही, चपला आल्या. त्या ओसरीवर तशाच होत्या, झाडतानासुद्धा कोणी हलवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला परत जायचं होतं, आणि या माणसाला असं सोडून जायची मला भीती वाटत होती.

त्या दुपारी मामेभाऊ गुणाकर एक खेळ घेऊन आला. त्याच्या मित्राने अमेरिकेहून पाठवलेला. एकाने पुस्तकातून राक्षसांच्या राज्याचं वर्णन करायचं, बाकीच्यांनी आपण तिथं काय करतो ते सांगायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. वाचणारी मी. गुणाकर योद्धा. शेजारच्या शेवंताकाकू, म्हणजे आईची मैत्रीण, नायब तहसीलदारांची बायको आणि स्वभावाने पूर्ण तहसीलदार, चेटकीण व्हायला साफ नाही म्हणाल्या, म्हणून वैद्य झाल्या. त्यांनीच बाबांना दटावलं, “भाऊजी, तुम्ही चोर. नुसतं बसायचं न, मंग इथी बसा.”

बाबांनी खिडकीपाशीच खुर्ची आमच्याकडे वळवली.

“रानात एक ओसाड देऊळ आहे,” मी वाचलं. “आत अंधार. देवीच्या मूर्तीला माणकाचे डोळे.”

“नारळाचं दुकान?” काकूंनी विचारलं.

“नाही, काकू.”

“मंग देऊळ चालते कसं? पुजारी कुठी गेला?”

“जेवायला गेला,” मी वैतागून म्हटलं.

“घंटा तरी आहे का?”

लिहिणाऱ्या गोऱ्याने राक्षसाच्या एकेका दाताचं माप दिलं होतं, पण घंटा टांगायची राहिली होती. मी टांगली. काकूंनी वाजवली. गुणाकर तलवार उपसून आत निघाला, तर काकूंनी त्याला तिथेच अडवलं. “जोडे काढ आधी!”

“काकू, आत साप आहेत ना!”

“असू दे. देवीपुढं जोडे घालून जाशील का?”

योद्ध्याने लोखंडी जोडे काढले. तेव्हा खिडकीकडून आवाज आला.

“मी आत येत नाही. चपला सांभाळतो.”

बाबा बोलले होते. मला पुढची ओळ सापडेना. लांजीच्या देवीला आई दरवर्षी जायची, तेव्हाही बाबा बाहेरच बसायचे, तिच्या चपला पायाशी घेऊन.

आत काकूंनी प्रदक्षिणा घातली, हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. पुस्तकात यातलं काहीही नव्हतं. गुणाकरने मात्र पुस्तकाप्रमाणे माणकाला हात घातला. देवीने डोळे उघडले आणि आत होते ते सगळे दगड झाले.

“मी ओटी भरली, अन् मलेच दगड?” काकू भडकल्या. “काय देवी आहे का कोण आहे!”

“संपला खेळ,” मी म्हटलं.

“संपला काहून?” बाबा म्हणाले. “मी आहो न बाहेर.” ते खुर्ची ओढत जवळ आले. “चपला घेऊन आत जातो.”

“चपला घेऊन? देवळात?” काकूंनी कपाळाला हात लावला.

“हौ. अन् एक उचलून तिच्या डोळ्यावर मारतो.” “किती वर्षं हिच्या दारात बसलो मी. आत गेलेलं माणूस परत नाही द्यायचं म्हणजे काय?”

देवीला चप्पल मारण्याचा नियम पुस्तकात कुठून असणार? मी फासा पुढे केला. बाबांनी तो इतक्या जोराने टाकला, की फासा कपाटाखाली गेला. बघायला कोणी उठलं नाही.

“लागली का?”

“लागली, बाबा. डोळ्यावरच.”

“मंग उठले का सगळे?”

“उठले.”

बाबांनी मान हलवली. “गुणाकर, हे तुहे जोडे. वहिनी, ह्या तुमच्या.” मग ते आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. “एक जोडी उरली न, चारू.”

मी पुस्तक मिटलं. “हौ बाबा. उरली.”

बाबा रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मी त्यांना धरून बसले आणि मीही रडले. गुणाकर उगाच कपाटाखाली फासा शोधू लागला. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि नाक ओढत म्हणाल्या, “ते सगळं खरं, भाऊजी. पण देवीले चप्पल मारली तुम्ही. आता तिची शांती करा लागंन.”

बाबा हुंदक्यातच म्हणाले, “आधी तिनं माही करावी.”