आठवं डोकं

गेर्शम लकायने डोळ्यांबद्दल कोणालाही सांगितलं नव्हतं. घरी सांगावं असं कोणी उरलं नव्हतं. आणि बंदरावर सांगितलं असतं, तर त्याच दिवशी बोटीची किल्ली हातातून गेली असती.

मागच्या जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, सुरुवात झाली. समोर बघितलं की नजरेच्या बरोब्बर मध्यावर एक धुरकट डाग. कडा शाबूत होत्या. सेंटिनलचा सुळका, बंदराची भिंत, खडकावर फुटणारी पांढरी लाट, हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून नीट दिसायचं. पण ज्या माणसाकडे बघावं त्याचं तोंडच पुसलेलं. मग गेर्शम बोलताना जरा बाजूला बघायला लागला. हँगबर्गच्या चढावरच्या शेजाऱ्यांना वाटलं, बायको गेल्यापासून म्हातारा तिरसट झालाय. त्यानेही तसंच वाटू दिलं.

बोट चालवायला अडत नव्हतं, निदान तो स्वतःला तसं सांगायचा. अडत होतं ते एकाच कामात: डोकी मोजण्यात.

हाउट बेच्या बंदरातून निघालं की पंधरा मिनिटांत डायकर बेट येतं. बेट कसलं, सपाट खडकच, त्यावर हजारो सील. पाहुणे तिथे पाण्यात उतरतात. तेरा अंशांचं पाणी, म्हणून प्रत्येकाच्या अंगात जाड काळा रबरी सूट आणि डोक्याला घट्ट बसणारी काळी टोपी. बोटीतून दिसतं ते फक्त काळं, ओलं, गोल डोकं. सीलचंही तसंच दिसतं. त्यामुळे रीत अशी होती की पाण्यातल्या वाटाड्याने एकदा मोजायचं, बोटीवरून तांडेलाने, म्हणजे गेर्शमने, एकदा मोजायचं आणि दोघांनी आकडा मोठ्याने सांगायचा. जुळला तरच जागा सोडायची. आणि तांडेलाने आकडा पुकारला की त्यावर वाद घालायचा नाही. ही दुसरी रीत कुठे लिहिलेली नव्हती. ती स्नूक मासा धरणाऱ्या बोटींवरून आली होती आणि गेर्शमबरोबरच या बोटीवर चढली होती.

नजर अधू झाल्यावर गेर्शमने स्वतःची पद्धत बसवली. सील एका जागी टिकत नाही. दहा-बारा सेकंदांत बुडी मारतो. नवखा माणूस बुडूच शकत नाही, रबरी सूट त्याला वर ढकलत राहतो. म्हणून तीनदा मोजायचं, प्रत्येक वेळी मध्ये मनात पंधरापर्यंत अंक म्हणायचे. तिन्ही वेळा जे डोकं जागच्या जागी, ते माणसाचं. पद्धत वाईट नव्हती. नऊ महिन्यांत ती एकदाही चुकली नव्हती, आणि त्यामुळेच ती चुकू शकते हे तो विसरला होता.

मार्चमधल्या त्या सकाळी आठ पाहुणे होते. सात जण जोहान्सबर्गच्या एकाच ऑफिसातले, एकमेकांचे फोटो काढत, एकमेकांच्या सूटच्या चेन ओढत, खिदळत आलेले. आठवी एकटी बाई होती, साठीच्या पुढची. नाव ओटिली ब्यूकेस, गाव अपिंग्टन, दूर वाळवंटाच्या काठावरचं.

"बाई, पाणी फार गार आहे हं," गेर्शम म्हणाला.

"आमच्याकडे सावलीत चाळीस असतं. मी मुद्दाम गारठायलाच आलेय," ब्यूकेसबाई म्हणाल्या. "तुम्ही उतरता का कधी त्यांच्यात?"

"मी? मला पोहता येत नाही."

"काय सांगता!"

"अहो, त्यांच्या सात पिढ्यांत कोणाला येत नव्हतं," शान्द्रे मधेच म्हणाली. ही शान्द्रे फोर्टेन, पाण्यातली वाटाडी. गेर्शमच्याच गल्लीतली, सव्वीस वर्षांची. "आमच्या चढावरचे सगळे म्हातारे असेच. जन्म समुद्रात आणि आंघोळ बादलीत."

"बादलीत सील नसतात," गेर्शम म्हणाला. "चाळीस वर्षं यांनी माझ्या गळाचा मासा पळवला. अर्धा खायचे आणि मुंडकं तेवढं मला ठेवायचे. आता त्याच चोरांना बघायला लोक येतात आणि मला म्हणतात, किती गोड हो!"

"आता तेच तुम्हाला पोसतायत, काका. सलाम ठोका."

"तू उतर आधी. जीभ बारा हात."

शान्द्रेने बोटीतच पाहुण्यांना समजावलं: सीलला हात लावायचा नाही, तो आपण होऊन जवळ आला तर येऊ द्यायचं, आणि दमायला झालं तर वर तरंगणारी केल्पची, म्हणजे समुद्री शेवाळाची, जाड दोरखंडासारखी देठं धरून राहायचं. मग सगळे एकेक करून पाण्यात गेले.

त्यानंतरचा पाऊण तास बोटीवर गेर्शम एकटा. खाली पाण्यात काय चालतं ते त्याला सात वर्षांत ऐकूनच माहीत होतं: की सील उलटे पोहत येतात, पोहण्याच्या चष्म्याच्या काचेला नाक लावतात, आणि डोळे एवढे मोठे असतात की माणूस श्वास घ्यायचा विसरतो. वर फक्त खडकावरचा कालवा आणि वास. पाहुणे पाण्याबाहेर आले की त्यांना कोणाला तरी सांगायचं असतं, पण ते एकमेकांना सांगतात. तांडेलाला कोणी सांगत नाही. त्यांना वाटतं, याला काय नवं.

साडेदहाच्या सुमाराला वायव्येची झुळूक अंगाला लागली. गेर्शमने मान वळवली. समुद्राकडची कड पुसट झाली होती, आणि ते डोळ्यामुळे नव्हतं. धुकं येत होतं. त्याने शिट्टी फुंकली.

नेमका त्याच वेळी ऑफिसातल्या एका पोराच्या पोटरीत गोळा आला. तो ओरडायला लागला. शान्द्रे त्याला उताणा धरून बोटीकडे ओढू लागली. तोंडात खारं पाणी, एक हात अडकलेला.

"काका, तुम्ही मोजा!"

गेर्शमने मोजलं. शान्द्रेच्या हातात एक. तरंगत्या नारिंगी बोयाला धरून सहा. आणि केल्पच्या कडेला एक, हनुवटी वर करून, अगदी स्तब्ध. पंधरा. पुन्हा मोजलं, तिथेच. पंधरा. पुन्हा मोजलं, तिथेच.

"आठ!" त्याने खणखणीत पुकारलं.

"आठ!" मान वर न करता शान्द्रेनेही म्हटलं.

तो पोरगा चढला. मागोमाग बोयाजवळचे सहा चढले. तोवर धुकं बोटीपर्यंत आलं होतं.

"बाई, या आता, तुम्हीच राहिलात," गेर्शमने केल्पच्या दिशेने हाक मारली.

ते डोकं हललं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मग पाण्यातून वल्ह्यासारखा चपटा एक काळा पर वर आला, त्या डोक्याने आपली मान सावकाश खाजवली, आणि बुडी मारून दिसेनासं झालं. पोट भरल्यावर सील कधी कधी नाक वर करून उभ्याउभ्या झोपतात. गेर्शमला हे लहानपणापासून माहीत होतं.

"काका," शान्द्रे बोटीची कड धरून पाण्यातच होती. "सातच आहेत."

तो अजून केल्पकडेच बघत होता.

"काका, कुठे पाहिलंत तुम्ही तिला? कोणत्या बाजूला?"

"पाहिलं नाही," तो म्हणाला.

इंजिन चालू करायची सोय नव्हती. माणूस कुठे आहे हे माहीत नसताना पंखे फिरवायचे नाहीत. शान्द्रेने कमरेला लांब दोर बांधला, त्याचं टोक गेर्शमच्या हातात दिलं आणि केल्पच्या कडेकडेने पोहत गेली. दोन हातांवर ती दिसेनाशी झाली. गेर्शमने ऑफिसातल्या सातही जणांना दरडावून गप्प बसवलं. सील मात्र गप्प बसत नव्हते. त्यांच्या त्या हजार घशांमधून एका बाईची हाक वेगळी काढायची म्हणून तो डोळे मिटून ऐकत राहिला. हाक आली नाही. दोर हातातून जात राहिला, थांबला, पुन्हा जात राहिला. पोहता येत असतं तरी त्या क्षणी त्याला बोट सोडता आली नसती. ही गोष्ट त्याने मनाशी दोन-तीनदा म्हटली, पण तिचा काही उपयोग झाला नाही.

बारा मिनिटांनी दोराला तीन हिसके बसले.

ब्यूकेसबाई खडकाच्या पलीकडच्या अंगाला सापडल्या. लाटांनी त्यांना तिकडे नेलं होतं. सांगितल्याप्रमाणे केल्पचं एक देठ मनगटाला गुंडाळून त्या तरंगत होत्या. ओठ निळे, दात वाजत होते, पण शुद्धीवर होत्या. गेर्शमने त्यांना दोन ब्लँकेटांत गुंडाळलं आणि आल्याचा चहा पेल्यात ओतून पेला त्यांच्या हातांभोवती स्वतःच्या हातांनी धरून ठेवला.

"ओरडलात का नाही हो तुम्ही?" शान्द्रे म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "एक हाक मारायची!"

"तुम्ही आठ म्हणालात ना," ब्यूकेसबाई गेर्शमकडे बघत म्हणाल्या. "दोघंही म्हणालात, मी ऐकलं. म्हटलं, चला, मोजलंय आपल्याला. आता कशाला आरडाओरडा करायचा, येतील घ्यायला." आणि थोड्या वेळाने, थरथरत हसून, "घरी कोण मोजतंय?"

ऑफिसातले सात जण हसले. गेर्शमने पेल्यावरचे हात काढले आणि इंजिन चालू केलं.

धक्क्यावर लिएसल उभी होती. बोट तिची, धंदाही तिचा. शान्द्रेने बोटीतूनच तिला कळवलं होतं. ब्यूकेसबाईंना गरम पाण्याच्या शॉवरकडे पाठवून तिने या दोघांना ऑफिसात घेतलं आणि दार लावलं.

"पाण्यात कोण होतं?"

"मी," शान्द्रे म्हणाली.

"मग आठ कोणी मोजले?"

शान्द्रे एक पाऊल पुढे झाली. "मी मान वर करून पाहिलं नाही. नुसतं आठ म्हटलं. चूक माझी आहे."

"मला बंदराच्या अधिकाऱ्यांना कळवावं लागेल. चौकशी होईपर्यंत तुला पाण्यात सोडता येणार नाही. आणि तुझ्या लायसन्सचं काय होईल, ते मला सांगता येत नाही."

"कळलं."

गेर्शमने शान्द्रेकडे बघितलं. तिथे नेहमीचा डाग होता. म्हणून त्याने भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे नजर वळवली, तेव्हा कोपऱ्यातून ती दिसली. ओल्या सुटात ताठ उभी होती आणि खालचा ओठ दातांत धरला होता. तांडेलाचा आकडा तांडेलाचा, हे तिने इथेही पाळलं होतं. तो काही बोलला नसता, तरी ती बोलणार नव्हती. उद्या सकाळी साडेसहाला तो नेहमीसारखा बोटीवर असता.

"तिने मोजलंच नाही," तो म्हणाला. "मोजायचं काम माझं होतं. मी सील मोजला."

"गेर्शम, एवढ्या धुक्यात कोणीही—"

"धुकं नंतर आलं. मी मोजलं तेव्हा पाणी स्वच्छ होतं." त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, कडेला ठेवली गेली, ती खाली पडली. कोणी उचलली नाही. "लिएसल, तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात आणि तुमचं तोंड मला दिसत नाही."



"कधीपासून?" लिएसलने विचारलं.

"जूनपासून."

"जून!" ती खुर्चीत बसली. "दिवसाला दोन फेऱ्या, गेर्शम. नऊ महिने."

"हो."

"घरी कोण आहे तुमच्या? कोणाला फोन करू?"

मुलगा समुद्रापलीकडे पर्थला होता. तिकडे आता संध्याकाळ झाली असेल, कामावरून घरी जात असेल. "कोणाला नको," गेर्शम म्हणाला.

बाहेर आल्यावर शान्द्रे त्याच्यासाठी थांबली होती. त्याला वाटलं होतं, काहीतरी बरं बोलेल.

"नऊ महिने मी तुमच्या शब्दावर माणसं पाण्यात सोडत होते, काका."

"हो."

"मला तरी सांगायचं होतं."

"तू लिएसलला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"मग?"

चढावर दोघांची घरं एकाच पायवाटेवर होती, पण ती पुढे निघून गेली आणि त्यानेही पाऊल मुद्दाम सावकाश टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाचला जाग आली. कपडे घालून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की जायचं नाहीये. पाव भाजला, खाल्ला. घरात काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून साडेसहाला तो खाली उतरला आणि बंदराच्या भिंतीपाशी उभा राहिला. आकाश निवळलं होतं. बोटीवर कॉक बेवरून बोलावलेला दुसरा तांडेल होता. इंजिनाला तो गरजेपेक्षा जास्त जोर देत होता.

"एक, दोन, तीन," पाहुण्यांच्या पाठीवर थाप मारत शान्द्रे मोजत होती; तिच्यावरची बंदी लिएसलने उठवली होती. सहा झाल्यावर ती थांबली आणि तिने नव्या तांडेलाला विचारलं, "तुमचे किती?"

"सहा."

"परत मोजा," ती म्हणाली. "प्रत्येकाचं तोंड बघून मोजा."

त्याने पुन्हा मोजलं. मग दोर सुटला. बोट भिंतीच्या कडेने गेर्शमच्या अगदी जवळून गेली, आणि बोटीच्या टोकावर बसलेल्या शान्द्रेचा आकार त्याला ओळखू आला. तिने त्याच्याकडे बघितलं की समुद्राकडे, ते कळलं नाही. त्याने हात वर केला, आणि इंजिनाचा आवाज भिंतीपलीकडे जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.