लागू पडतंय

सिस्टरला फोनची धास्ती बसली होती, आणि काम तर फोनचंच. कॅन्सरच्या नेमक्या पेशींवर चालणारी गोळी पेशंट घरीच घ्यायचे; तिने दर सोमवारी सकाळी विचारायचं, पुरळ, जुलाब, खोकला, धाप?

तिच्या यादीतले एक पेशंट, मास्तर, जाऊन दोन महिने झाले होते. गोळीच्या पहिल्या महिन्यात तोंडभर पुरळ उठलं तेव्हा ते गोळीच सोडायला निघाले होते. सिस्टर थट्टेत म्हणाली, "त्रास होतोय ना, मग औषध लागू पडतंय!" मास्तरांनी ते गाठीशी बांधलं. पुढे धाप लागली, तीही त्यांनी चांगल्यातच धरली आणि फोनवर अवाक्षर काढलं नाही. गोळीने फुप्फुसं सुजली होती. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता कुणालाही फोन लावला की आधी तिला मास्तरांचा श्वास ऐकू येई. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता.

आज शिवणकामवाल्या काकूंचा नंबर होता. एरवी त्या बोलायला लागल्या की दम खात नसत. आज दर चार शब्दांनी थांबत होत्या.

"काकू, धाप लागतेय?"

"जिन्यात लागते गं. औषध लागू पडतंय म्हणायचं."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मास्तरांनी. दवाखान्याबाहेर बाकावर बसायचो ना आम्ही, सगळ्यांना धीर द्यायचे. तूच म्हणालीस ना तसं?"

मास्तर गेले, पण तिचं वाक्य अजून घरोघर फिरत होतं.

"मी म्हणाले होते, पण पुरळाबद्दल. नीट सांगितलं नाही, चूक माझी. आजची गोळी घेऊ नका. कुणाला तरी घेऊन आत्ताच्या आत्ता या, मी डॉक्टरांना सांगते."

"गोळी बंद केलीस तर मरेन गं मी."

"धाप अंगावर काढून मास्तर गेले, काकू."

मग काकू म्हणाल्या, "येते."

"बाकावर आणखी कोण असायचं?"

"ड्रायव्हर, बेकरीवाले, पोस्टातल्या बाई."

ड्रायव्हरने लगेच उचलला, ठणठणीत होता. बेकरीवालेही बरे होते. पोस्टातल्या बाईंचा फोन नवऱ्याने घेतला.

"झोपलीय ती. चार पावलं चालली तरी दम लागतो हल्ली," तो म्हणाला, "पण खुशीत असते."

"उठवा त्यांना," सिस्टर म्हणाली.