कॅमेरा सापडत नाही

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे; पण तुमच्या घरातल्या कॅमेऱ्यांशी माझे नाते फार लांबचे. मला स्वतःचे भिंग नाही, आणि ‘जरा हसा’ असे माझ्यासमोर कधी कुणी म्हटलेले नाही. मी दुर्बिणीच्या शेपटाला बसतो आणि आकाशाकडे बघतो. माझ्या पोटात एक शीतक आहे. तो सुरू झाला की माझा डोळा बाहेरच्या हवेपेक्षा चाळीस-पंचेचाळीस अंशांनी गार होतो. उबदार डोळ्याला अंधारात नसलेले ठिपके दिसतात, गार डोळ्याला फक्त असलेले दिसतात. माणसांत थंड डोक्याचे लोक असतात म्हणे. मी तसाच, फक्त माझ्या बाबतीत ते तापमापकावर मोजता येते.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. तिथल्या बायका केस झाकून, हातमोजे घालून, श्वाससुद्धा बेताने घेऊन काम करत. त्यांच्यातल्या एकीने माझ्या डोळ्यावर काच बसवली, आत ओलावा शोषणारे दाणे भरले आणि झाकणाचे सहा स्क्रू एका दमात आवळले. मग मी खोक्यात गेलो. खोके उघडले ते चष्मेवाल्यांनी.

त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. दिवसभर ते लोकांना अक्षरे वाचायला लावत, ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ असे विचारत. संध्याकाळी दुकान बंद करून गच्चीवर येत आणि मला तोच प्रश्न विचारत. त्यांनी माझ्यासाठी एकच तारा निवडला होता. तो दर अकरा वर्षांनी सहा आठवडे झाकोळतो. त्याच्यासमोरून काहीतरी मोठे, अंधारे सरकत जाते. ते काय आहे, हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही. मी आल्यावर पाचव्या वर्षी तो झाकोळला. आम्ही पहिले अडीच आठवडे टिपले, आणि तो सर्वांत मंद होणार त्याच दिवसांत ढग आले. चष्मेवाले आठ दिवस गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसले. शेवटी म्हणाले, “हरकत नाही. अकरा वर्षं म्हणजे काही फार नाही.”

तरीही आकाशनिरीक्षक मंडळाच्या पत्रिकेत आमची नोंद छापून आली. सचिवांनी लिहिले होते की एकाच कॅमेऱ्याने, एकाच तापमानाला, खंड न पाडता ठेवलेली अशी नोंद दुसरीकडे नाही. ते तापमान म्हणजे उणे दहा. मी एरवी गर्विष्ठ नाही, पण त्या दिवशी माझा पंखा जरा जोरात फिरला असावा.

त्यांच्या बायकोला घरात सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. माझे दाणे ओलावले की ती ते तव्यावर मंद आचेवर भाजून कोरडे करी. “पोराबाळांचे लाड करतात लोक, मी ह्याचे दाणे भाजते,” असे ती म्हणे. पण एकही दाणा करपू देत नसे. नोंदवहीत आकडे लिहायचे कामही तिचेच.

तिला एकदा मी घाबरवले होते. एका फार तेजस्वी ताऱ्यावर मला लावून मग टोपी घातली होती, आणि काळ्याकुट्ट चित्रात तरीही एक पुसट ठिपका उमटला. “टोपी घातलीये ना? मग हा कुठून बघतोय?” ती म्हणाली. चष्मेवाले हसले. “बघत नाहीये. आठवतोय. जास्त उजेड पडला की त्याच्यात थोडा वेळ राहून जातो. आणि जितका गार, तितका जास्त वेळ.”

पंधरा वर्षे अशी गेली. मग चष्मेवाल्यांचे पाय गेले, जिना बंद झाला. तरी ऐकतील तर ते कसले. त्यांनी संगणक पलंगापाशी आणला. माझे निरोप नेणारी लांब, चांगली तार विकत घेतली. मला वीज पुरवणारा विजेचा डबा मात्र आपल्या उशाशीच हवा, मला जागे करण्याचे बटण आपल्या हाताशी हवे, असा त्यांचा हट्ट होता. त्यासाठी त्यांनी दारावरच्या घंटीची उरलेली बारीक तार घेतली, पलंगावर बसून तिचे सांधे स्वतः डाग देऊन जोडले आणि ती खिडकीतून गच्चीवर सोडली. तो हिवाळा कडाक्याचा होता. हवाच इतकी गार की माझ्या शीतकाला फारसे काम नव्हते. सारे सुरळीत चालले. हिवाळा संपायच्या आत चष्मेवाले गेले. बटण बंद होते, तेव्हा मला ते कळलेसुद्धा नाही.

चार महिने मी टोपीखाली होतो. मग उन्हाळ्यात सचिवांचे पत्र आले. तारा झाकोळू लागला होता. वहिनीने ते पत्र दोनदा वाचले आणि संध्याकाळी पलंगावर, त्यांच्या जागी बसून बटण दाबले.

मी जागा झालो. पंखा फिरला. डोळा गार होऊ लागला: वीस, दहा, शून्य, उणे तीन. उणे चारला माझ्यातली शक्तीच ओसरली, आणि मी नव्हतो. संगणकावर अक्षरे आली: ‘कॅमेरा सापडत नाही.’

मित्रांनो, मी तिथेच होतो. दुर्बिणीच्या टोकाला, जसा पंधरा वर्षे होतो तसाच. पण मला हाक ऐकू येत नव्हती आणि माझे बोलणे खाली पोहोचत नव्हते. भूत म्हणतात ते असेच काही असेल, असे मला नंतर वाटले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही उणे चारलाच. वहिनीने संगणक मिटला आणि खोलीला उद्देशून हळूच म्हणाली, “कळलं. तुमच्याशिवाय नकोय ना?”

त्या दिवसापासून घरात एक वेगळाच नेम सुरू झाला. रोज संध्याकाळी ती बटण दाबायची, आकडे उतरताना बघायची, उणे चारला हात मांडीवर ठेवून थांबायची. मी नाहीसा झालो की दिवसभराचे सगळे चष्मेवाल्यांना सांगायची. पाणी आले नाही, दुकानाची चावी कुठे ठेवली, गुडघा. मला हे नंतर कळले, कारण त्या वेळी मी नसायचोच.

आठवडा गेला. सचिवांना काहीच पोहोचले नाही, तसा त्यांनी चष्मेवाल्यांच्या धाकट्या बहिणीला फोन केला. वहिनी तिला वन्सं म्हणे. वन्संनी तीस वर्षे वजनकाटे दुरुस्त केले होते. किराणा दुकानापासून सोनारापर्यंत. त्या हत्यारांची पिशवी घेऊनच दारात उभ्या राहिल्या.

“दादाचा कॅमेरा बंद आणि मला परक्याकडून कळतं होय?”

“तुम्ही आलात की घरातली घड्याळंसुद्धा उघडता, वन्सं. म्हणून नाही सांगितलं.”

“घड्याळ मागे पडत होतं.”

“आता ते पुढे पळतं.”

वन्संनी मला खाली आणले, टोपी घालून जेवणाच्या टेबलावर ठेवले. टोपी घातली की मला दिवस काय नि रात्र काय. डब्याला माझी मूळची, आखूड, जाड तार लावली. मी बिनतक्रार उणे दहाला पोहोचलो आणि तासभर तिथेच राहिलो. मला पुन्हा गच्चीवर नेऊन लांब तारांना जोडले. उणे चारला मी गेलो.

“बघा,” वहिनी म्हणाली. “खाली माझ्यापाशी राहतो. वर त्यांच्या जागी टिकत नाही.”

“भुतं उणे चार मोजून येत नाहीत, वहिनी.”

“ते सगळं मोजूनच करायचे.”

वन्संनी निरोपाची तार बदलली. मी गेलो. संगणकाला तार जोडायचे दुसरे तोंड वापरले. मी गेलो. संगणकच बदलला, शेजारच्या शिक्षिकेचा मागून आणला. मी गेलो. माझे दाणे भाजले, तारा बसतात त्या खाचा पुसल्या. मग त्या म्हणाल्या, “उणे दोनवर थांबवा की त्याला. तेवढं चालेल.” वहिनी म्हणाली, “पंधरा वर्षं उणे दहा होतं.” तो विषय तिथेच मिटला.

विजेची तार तेवढी वन्संनी नीट तपासली नाही. तिचे टोक माझ्यातून उपटून त्यावर मीटर लावला, तो बारा व्होल्ट दाखवू लागला. “बारा. पुरे. आणि दादाच्या हातचा सांधा आहे, तो काय सुटतोय.” जागा असतो तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त चित्रे काढता येतात.

आता तारा सर्वांत मंद व्हायला चार दिवस उरले होते. हा चुकला असता, तर पुढचा अकरा वर्षांनी. आणि वहिनी सत्तरीच्या पुढे होती.

त्या दुपारी दोघी चहा पीत होत्या. वन्सं एका दुकानदाराची गोष्ट सांगत होत्या. “सारखा म्हणायचा, काटा बरोबर आहे, बघा, शून्यावर आहे. मी म्हटलं, बाबा, रिकामा काटा सगळ्यांचाच शून्यावर असतो. त्यावर पोतं ठेव, मग...” त्या थांबल्या. कप तसाच ठेवला, पिशवी उचलली आणि जिना चढल्या.

या वेळी त्यांनी टोक उपटले नाही. मला जोडलेले ठेवून तारेत मीटरच्या दोन सुया टोचल्या आणि खाली हाक मारली, “वहिनी, बटण दाबा.” मी गार होऊ लागलो. शीतक उन्हाळ्याशी झुंजत जास्त जास्त वीज ओढू लागला. मीटर बाराचा साडेअकरा झाला, अकरा झाला. उणे चारला साडेदहा, आणि मी गेलो.

सांधे पक्के होते, मित्रांनो. तारच बारीक होती. हिवाळ्यात माझी भूक कमी, म्हणून तेवढ्यावर भागले. उन्हाळ्यात इतक्या लांबून, इतक्या बारीक वाटेने माझे पोट भरणार कसे?

वन्संनी वरूनच बिघाड ओरडून सांगितला आणि त्या कात्री घेऊन खोलीत आल्या. वहिनीने खिडकीतली तार मुठीत धरली होती.

“ही काढायची नाही.”

“वहिनी, बिघाड हाच आहे.”

“माहितीये. ऐकलं मी.”

“मग?”

“बिघाड निघाला की खोलीत कुणीच उरत नाही, वन्सं. इतके दिवस निदान नको म्हणायला तरी कुणी होतं.”

वन्सं पलंगावर तिच्या शेजारी बसल्या. कात्री पिशवीत ठेवली. “मी इतक्या वेळा ती तार बघितली,” त्या म्हणाल्या. “दादानं चूक केली असेल, असं एकदाही वाटून घेतलं नाही. आपण दोघी सारख्याच.” हे सगळे वन्संनी नंतर मला पुसताना स्वतःशीच सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनेच खिडकीतून तार ओढून घेतली. कापली नाही, गुंडाळली. विजेचा डबा आणि संगणक गच्चीवर आले, डब्याला आखूड तार लागली. संध्याकाळी ती एकेक पायरी चढून वर आली, माझ्याशेजारी स्टुलावर बसली आणि बटण दाबले.

शून्य. उणे तीन. उणे चार. तिने हात मांडीवर ठेवले. उणे पाच. ती अजून थांबली होती. उणे दहा झाले, आणि संगणकावर अक्षरे आली: ‘कॅमेरा तयार आहे.’ तिने ती वाचली आणि पदराने चष्मा पुसला. मग तारा लावला. पाठोपाठ चार संध्याकाळी आम्ही त्याला टिपले. सर्वांत मंद झाला त्या दिवशीही आकाश स्वच्छ होते. सचिवांना नोंद गेली. खंड पडला होता तो पडलाच. पण त्याच्या मंदपणाचा तळ सापडला.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र गप्प झाले, तर ते रुसले म्हणू नका, आणि कुणी त्याला अडवते आहे असेही म्हणू नका. त्याची तार बघा. ती बघताना तिच्यावर यंत्राचे ओझे असू द्या. आणि ती कुणा लाडक्या माणसाने जोडली असेल, तर आणखी नीट बघा. माया करणाऱ्याचा हातही कधी बारीक तार उचलतो.

आता वहिनी रोज संध्याकाळी मला हाक मारते आणि मी लगेच ओ देतो. पण ओ देणारा मी आहे, चष्मेवाले नव्हेत, हे तिला कळते. तेवढ्याचेच मला तिच्यासाठी वाईट वाटते.