राहिलेले रोजे

दुहेरी गादी एकट्याने उचलायची नसते, हे वजीरने आजवर हाताखालच्या प्रत्येक माणसाला बजावलं होतं. आता हाताखाली कुणी उरलं नव्हतं. जुन्नरच्या पेठेतल्या त्याच्या दुकानात कापूस पिंजायचं मशीन होतं, गाद्या शिवायच्या लांब सुया होत्या आणि तो होता. बायको अमिरुन्निसा वारली त्याला दोन वर्षं होत आली होती. मुलगा परवेज शारजात. फोमच्या गाद्या आल्यापासून गिऱ्हाईकही तुरळकच. तेव्हा रमजानातल्या एका दुपारी शिवून झालेली गादी त्याने एकट्यानेच उचलली, वळला, आणि कमरेत अशी उसण भरली की गादीसकट खाली बसला.

समोर हौशीरामची पिठाची गिरणी. त्याने पट्टा बंद केला, रिक्षा बोलावली आणि वजीरला स्टँडजवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तेजस्विनी वयाने परवेजहून लहान, पण प्रश्न विचारण्यात घाई नव्हती. पायाला मुंग्या, बधिरपणा, लघवीला अडचण, असलं काही नव्हतं. रक्तदाब ठीक होता, दुसरी कसली औषधं चालू नव्हती. स्नायू आवळलाय, हाडाचं काही दिसत नाही, असं तिने सांगितलं. आवळलेला स्नायू सैल करणारी गोळी लिहून दिली. सकाळ, दुपार, रात्र, पाच दिवस, त्यापुढे नाही. हिने झोप येते, रक्तदाबही थोडा उतरतो. म्हणून उठताना आधी बसायचं आणि मग उभं राहायचं, गाडी चालवायची नाही, मशीनला हात लावायचा नाही. दारू किंवा झोपेची गोळी बरोबर नको, सर्दीचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय नको. एखादी वेळ चुकली तर चुकू द्यायची, पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

मग तिने दुपारच्या जेवणाची वेळ विचारली.

“एक वाजता,” वजीर म्हणाला.

हौशीरामने त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या पंख्याकडे मान वळवली.

खोटं बोलायचं कारण वजीरला पक्कं ठाऊक होतं. आजाऱ्याला रोजा माफ असतो, बरा झाल्यावर भरून काढता येतो. हे मौलानांनीही सांगितलं असतं. पण रोजा चुकला की संध्याकाळ चुकणार होती. मशिदीत इफ्तारीला अंथरतात तो लांबलचक दस्तरखान त्यानेच शिवला होता, गाद्यांच्या खोळींतून उरलेल्या गादीपाटाच्या कापडाचे पट्टे जोडून जोडून. अजानच्या आधी तो उलगडायचा मान दरसाल त्याचा. त्यावर ओळीने माणसं बसत, कुणी त्याच्या पुढ्यात खजूर ठेवी, कुणी कलिंगडाची फोड सरकवी. वर्षाचे अकरा महिने तो एकटा जेवत असे. हा एकच महिना वेगळा होता. भरल्या पोटी त्या ओळीत बसायला कुणी मनाई केली नसती, पण त्याचा पायच उचलला नसता.

म्हणून त्याने आपला हिशेब बसवला. दिवसाला तीन म्हणजे तीन. एक पहाटे सहेरीच्या जेवणाला घ्यायची. दुपारची राहिलेली आणि रात्रीची, या दोन्ही इफ्तारीला. तो गादीतला कापूससुद्धा तोलून भरणारा माणूस, त्याला यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशिदीत त्याने पहिल्या खजुराबरोबर दोन गोळ्या गिळल्या. कंबर वाकत नव्हती म्हणून नमाज खुर्चीत बसून पढली. नंतर बराच वेळ तिथेच बसून राहिला. डोकं जड आणि छान हलकं, दोन्ही एकदम वाटत होतं. ताटं आवरायला उठला तेव्हा भिंती मागे सरकल्या. तो दस्तरखानावरच कोसळला. सरबताचा जग लवंडला आणि पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांवर लाल ओघळ पसरत गेला.

शुद्ध आली तेव्हा तो दवाखान्यात होता, पाय उशीवर. डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा मोजला आणि पट्टा सोडवला.

“काका, तुम्ही एक वाजता जेवता म्हणालात.”

दारात उभा असलेला हौशीरामच बोलला, “रोजं चालूयत त्यांचं. मला ठावं व्हतं. मीच बोललो न्हाई.”

“मला कळलं असतं तर औषध वेगळं बसवता आलं असतं,” ती वजीरला म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याला जास्त लागलं. “दोन गोळ्या एकदम घेणं म्हणजे दोन वेळा औषध घेणं नाही, काका. दिवसाला तीनच झाल्या, पण अंगात एका वेळी दुप्पट चढली. त्यात दिवसभर पाणी नाही.”

“आता रोजे?”

“या गोळ्या चालू आहेत तोवर नको.”

रात्री घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून तिने त्याला तिथेच झोपवलं. दुसऱ्या दिवशी गोळी बंद; त्यानंतर तीन रात्री जेवून एकेक आणि मग संपलं, असं तिने नव्याने ठरवून दिलं. शेक घ्यायचा आणि घरातल्या घरात चालायचं, नुसतं पडून राहायचं नाही.

दुपारी एक वाजता वजीर खरोखरच जेवू लागला. दुकानाचं शटर अर्धं ओढून, गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघत. संध्याकाळी मशिदीतून कुणी ना कुणी झाकलेलं ताट दारात देऊन जाई, कशी काय कंबर म्हणून विचारी आणि वेळ झाली म्हणून लगबगीने परत फिरे. ताटात सगळं असे. पण ताट घरी येतं तेव्हा ओळ येत नाही. दस्तरखान कुणी उलगडला हे त्याने विचारलं नाही.

रात्रीची गोळी मात्र गोड होती. घेतली की घर गप्प व्हायचं. अमिरुन्निसा गेल्यापासून स्वयंपाकघराकडे कान लावून पडायची त्याची सवय त्या रात्रींपुरती मोडली.

तिसऱ्या रात्रीनंतर कंबर मोकळी झाली आणि पाकिटात गोळ्या उरल्या. हौशीरामने त्या पाहिल्या. पेठेत अशी उरलेली औषधं या घरातून त्या घरात फिरतच असत. “दोन दे की मला,” तो म्हणाला. “गोण्या उचलून माझीबी कंबर धरतीया.”

“न्हाई देणार.”

“चिक्कू झालास लई.”

“तुला बीपीची गोळी चालू हाय. मी नुसत्या सरबतात पडलो. तू गिरणीच्या पट्ट्यात पडशील.”

हौशीराम कुरकुरत गेला. त्याच संध्याकाळी दिवा लावल्यावर वजीरचा हात आपोआप त्या पाकिटाकडे गेला. कमरेत कळ नव्हती. घर मात्र होतं तसंच होतं. बोटं गोळ्यांच्या चंदेरी वेष्टनावर टेकली आणि हौशीरामला काय सांगितलं ते त्याला आठवलं. ज्या दुखण्याला औषध दिलं होतं ते गेलं होतं. उरलेल्याला हे औषध नव्हतं. सकाळी त्याने पाकीट दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. तिने दुसऱ्या दिवसापासून रोजा धरायला हरकत नाही, तेवढं सांगितलं.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत तो पुन्हा ओळीत बसला. दस्तरखानावरचा डाग धुऊनही फिका गुलाबी उरला होता. लोक तिथे जागा सोडून त्याला बसवत आणि हसत.

ईद झाली. परवेजचा फोन आला. वजीरने कमरेचं काही सांगितलं नव्हतं, आताही सांगितलं नाही.

मग राहिलेले रोजे भरून काढायची पाळी आली. कजाचे रोजे एकट्याने धरायचे असतात. गावभर चहा उकळत असतो, भजी तळत असतात. पहिल्याच दिवशी दुपारी हौशीरामने गिरणीतून हाक मारून विचारलं, सकाळपासून चहाला का आला न्हाईस.

“रोजा हाय. राहिलेला.”

हौशीरामने थोडा विचार केला. “मग पुढचा एकादशीला धर की. माझाबी उपास असतो. म्हंजे साबुदाणा खाऊनच, पण असतो. सांजच्याला रताळी आणतो.”

वजीरने मान डोलावली. एकादशीला अजून अवकाश होता.

त्या संध्याकाळी त्याने गादीपाटाचा एक हातभर तुकडा दुकानातल्या फळीवर पसरला, त्यावर खजूर आणि पाण्याचा तांब्या ठेवला. समोर गिरणीवर रांग होती, पट्टा जोरात चालला होता, त्यात अजान नीट ऐकूही आली नाही. त्याने हौशीरामकडे पाहिलं. हौशीरामने गिरणीबाहेर येऊन कान देऊन ऐकलं आणि पिठाने पांढरा झालेला हात वर केला, अजान झाली म्हणून.

वजीरने खजूर तोंडात टाकला.