राक्षसाचा पाहुणचार

वैभव परातेच्या खेळात कोणी मरत नसे, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की शाळेतले चार दोस्त आपापल्या कॉम्प्युटरपुढे बसत. वैभव कोराडीच्या कॉलनीतून, दामिनी नागपुरातल्या घरून, सौरव पुण्याहून आणि भूमिका बंगळुरूहून. वैभव गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. डोंगर त्याचे, राजे त्याचे, राक्षसही त्याचेच. बाकी तिघांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण आता काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, हे पडद्यावर गरगरणारा फासा ठरवणार. दामिनीची तलवारबाज वज्रा, सौरवचा मांत्रिक आणि भूमिकाची एक अट्टल चोरटी.

फासा कितीही वाईट पडो, वैभव कोणाच्या केसाला धक्का लागू देत नसे. वज्रा कड्यावरून पडली की खाली गवताची गंजी हजर. मांत्रिकाला अजगराने गिळलं तर अजगराला ठसका. परवा तर कहरच झाला. तिघं नरभक्षक राक्षसाच्या गुहेत शिरले, आणि राक्षसाने त्यांना चहा विचारला.

यात वैभवचा तरी काय दोष? त्याच्या घरी दारात आलेला माणूस उपाशी परतल्याचं कोणी पाहिलेलं नाही. त्याची आई चंद्रकलाबाई 'पोट भरलं' याचा अर्थ 'अजून एक पोळी चालेल' असाच घेते. अशा घरचा पोरगा राक्षसांचा कारभार बघायला लागला, तर राक्षसांनाही आतिथ्य शिकावंच लागणार.

पण चहाच्या प्रसंगानंतर सौरवचा दामिनीला फोन आला.

"हा रविवार माहा शेवटचा. भूमिका बी कंटाळली हाये. आमाले काही होतच नाही तर खेळाचं काहून?"

"मंग त्याले सांग न बे."

"मी नाही. तो फुगून बसते. मागं भूमिका त्याच्या राजाले भित्रा म्हणाली, तर महिनाभर खेळ बंद होता. तूच सांग, तुहं ऐकते तो."

धंतोलीतल्या दवाखान्यात आठवडाभर ती लोकांचे अवघडलेले गुडघे आणि खांदे हलवून द्यायची, आणि रविवारकडे डोळे लावून बसायची. हे चौघं मोकळेपणाने बोलायचे ते फक्त या खेळात. खेळ मोडला तर उरणार वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याही एका ओळीच्या. तिला ते नको होतं, अगदी मनापासून नको होतं.

दवाखान्यातल्या एका प्रशिक्षणात तिला शिकवलं होतं की चूक सांगायची तर आधी एक कौतुक करावं, मग चूक, मग पुन्हा एक कौतुक. वैभव माइक घ्यायला सीताबर्डीच्या बाजारात आला, तेव्हा तिने त्याला उसाच्या रसाच्या गाडीपाशी गाठलं.

"वैभव, तू आवाज काय मस्त काढते गा! म्हणजे, धोका जरासा... थोडा वाढला तर चालन. पण तो राक्षस! त्याचा चहा! हसून हसून पुरेवाट झाली आमची."

मधलं वाक्य तिने इतक्या हळू म्हटलं की ते रसाच्या यंत्राच्या घरघरीतच पिळून निघालं. वैभवचा चेहरा मात्र उजळला.

"खरं न वं? मले वाटलंच तुमाले आवडन म्हणून!"

घरी येईपर्यंत दामिनी स्वतःवर चरफडत होती. सांगायला गेली एक आणि झालं भलतंच.

आणि रविवारी व्हायचं तेच झालं. राक्षसाने पंगत मांडली. पाटोडीचा रस्सा, वडे, वर लोणकढं तूप. वैभव नव्या माइकवरून एकेक पदार्थ असा रंगवून सांगत होता की भूमिकाने खरोखरच उठून चिवड्याचा डबा आणला. राक्षसीण तर वज्राला ओटी भरल्याशिवाय सोडेना. सौरवने आपला कॅमेरा बंद केला आणि दामिनीला हळूच निरोप पाठवला : 'हेच सांगून आली का तू त्याले?'

जेवणं झाली. गुहेमागे धगधगत्या लाव्ह्याची नदी होती आणि तिच्यावर कुजक्या दोरखंडांचा पूल. "काळजी नाही," वैभव म्हणाला, "राक्षस तुमाले बैलगाडीनं फेऱ्याच्या रस्त्यानं पलीकडं सोडून देते."

"मी पुलावरून जाते," दामिनी म्हणाली.

"काहून वं? गाडी हाये न."

"पुलावरून."

फासा फिरला आणि एकावर थांबला. त्याहून वाईट काही पडूच शकत नव्हतं.

"एक दोर तुटला," वैभव घाईघाईने म्हणाला, "पण तेवढ्यात वरून एक मोठ्ठा गरुड..."

"गरुड नको."

"अवं, मरशील न!"

"मरू दे. मले वाचवू नको, वैभव. तू कधी मारतच नाही, म्हणून खेळात मजा नाही राहिली. चहाची तारीफ केली ते मी खोटं बोलली. तुले सांगायची हिंमत नव्हती माही."

पडद्यावर वैभवने खुर्ची मागे सरकवली. झालं, आता हा उठून जाणार, असं दामिनीला वाटलं.

"मले राग आला हाये," वैभव म्हणाला. मग अगदी बारीक आवाजात, "पात्र मेलं का माणूस सोडून जाते वं. कॉलेजातल्या दोस्तांसंग खेळत होतो, तवा विहंगचा राजपुत्र मारला होता मी. तो गेला, त्याच्या मागं सगळेच गेले. तुमी बी गेले तर रविवारी मी काय करू?"

दामिनीला एकदम भरून आलं. म्हणजे ही भीती तिला एकटीला नव्हती. आणि ज्या भीतीपोटी तो पानं वाढत सुटला होता, तिच्यापायीच पाहुणे उठायला निघाले होते.

"आमी जाऊनच राहिलो होतो गा," ती म्हणाली. "तू मारत नाही म्हणून. आता मार."

वैभवने घसा साफ केला. मग त्याने वज्राला मारलं, आणि काय मारलं! दोर सुटला, हातातली तलवार तिने वर उभ्या चोरटीकडे भिरकावली, दोस्तांकडे एकदा बघून हसली आणि त्या लाल उजेडात दिसेनाशी झाली. सांगता सांगता त्याचा आवाज कापत होता. भूमिका चिवडा तोंडात तसाच धरून रडत होती. दामिनी डोळे पुसत होती आणि हसतही होती. इतकं छान तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सौरवचा कॅमेरा सुरू झाला. त्याचे डोळे लाल होते.

"वैभव," त्याने विचारलं, "माहा मांत्रिक बी मरू शकते का आता?"

"शकते."

"पक्कं? मधात कोणी गरुड-फिरुड येणार नाही?"

"नाही येत."

"मंग थांब," सौरव खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "तो पूल मले बी ओलांडायचा हाये."