दोघींत एक ब्रेक

मी क्लच सोडायला शिकले, त्याच क्षणी माझी मुलगी केतकी ते विसरली. जत्रेच्या मैदानावर तिची मोटरसायकल गचका देऊन बंद पडली. दुसऱ्या दिवशी तिला गिअर जमले आणि माझ्या डाव्या पायाला काही कळेनासं झालं.

शिकवणाऱ्या शिंत्रे सरांनी दोन्ही गाड्या तपासल्या. गाड्यांत दोष नव्हता. तुमच्या घरात हे एकदाच येतं, असं ते रेशनच्या साखरेबद्दल बोलावं तसं म्हणाले. एकीनेच शिका, असंही म्हणाले. ती एक म्हणजे केतकी, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. आयुष्यभर मी नवऱ्याच्या मागे एका बाजूला पाय टाकून बसले होते. तो गेल्यावर दोन्ही गाड्या मीच आणल्या.

आम्ही सोडलं नाही. क्लच, गिअर जात-येत राहिले. ब्रेकचं मात्र अवघड झालं. तो केतकीकडे असला, की मला चालतानाही थांबता येईना. मी दूधवाल्याला ओलांडून भिंतीवर जाऊन आदळायचे. माझ्याकडे असला, की ती कप भरला तरी चहा ओतत राहायची. एकदा ती रडायला लागली आणि संध्याकाळपर्यंत रडली. ब्रेक परत कसा द्यायचा, ते कुणी शिकवलं नव्हतं.

मग ती माझ्याआधी उठून मैदानावर जाऊ लागली. मी तिच्याआधी जाऊ लागले. घरी आम्ही एकमेकींना आग्रहाने वाढायचो.

"तुला कुठे जायचंय, आई?" तिने एकदा विचारलं.

"कुठेच नाही. जाता यायला हवंय."

"मला नोकरीला जायचंय. तू आई आहेस ना?"

"आहे," मी म्हणाले आणि किक मारली.

परीक्षा उतारावर होती. उतार संपतो तिथे हमरस्ता आडवा जातो आणि त्यावरून ट्रक धावत असतात. दोघींना एकदमच सोडलं. अर्ध्यावर केतकीचा पाय ब्रेकवर नुसताच आपटू लागला. माझ्या पायाला सगळं येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही.

खाली परीक्षक खुर्चीतून उठले आणि थांबा म्हणून त्यांनी आम्हा दोघींना मिळून एकच हात दाखवला.