खिडकीतले बूट

"नाताळ आला की सारी मानवजात एक कुटुंब होते!" बूटदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सासऱ्यांनी जाहीर केलं, आणि त्याच दमात परदेशातून आलेल्या नव्या सुनेला बजावलं, "पण भेटी सकाळीच उघडायच्या हं. तुमच्यासारखं आदल्या संध्याकाळी नाही."

माहेर सोडल्यावरचा हा सुनेचा पहिलाच नाताळ. तिच्या देशात आदल्या संध्याकाळी खिडकीत बूट ठेवतात आणि घरचे त्यात गुपचूप खाऊ टाकतात. इथे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी न राहवून तिने बूट ठेवलेच.

सकाळी पाहते तर खाऊ राहिला बाजूला, बूटच गायब! तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात सासरे बूट घेऊन दुकानातून परतले.

"सूनबाई, टाच पार झिजली होती की! तोंडाने सांगायचं ना, खिडकीत कसले ठेवतेस? नवा सोल बसवलाय."

"सणासुदीला दुकान उघडलंत?" सासूबाई कडाडल्या. "माझी चप्पल मात्र तीन वर्षं तशीच पडलीय!"

सुनेने हसत हसत, डोळे पुसत खरा प्रकार सांगितला. सासरे ओशाळले. "म्हणजे आत टाकायचं होतं होय? मी खालून ठोकलं."

"खाऊ दुपारपर्यंत संपतो, बाबा. हे वर्षभर टिकेल. आता दर नाताळला ठेवणार."

सासऱ्यांची छाती फुगली. "बघा, म्हणूनच म्हणतो, सारी मानवजात..."

"बाबा, डाव्या बुटात खिळा टोचतोय. तेवढा ठोकून देता?"